फुफीच्या ज्वारीच्या कटोऱ्या

फुफी,

तुम्ही गेलात आणि आपल्या घरची चूल थंड झाली. रिवाजच आहे तसा. गमीच्या घरात शेजाऱ्यापाजाऱ्यांनी जेवण पाठवायचं. लोकांनी पाठवलं. तेर गावात तुम्हाला किती माणसं मानत होती, ते मला त्या ताटांवरून कळलं. कुणाच्या चपात्या, कुणाच्या रोट्या, धाराशिवच्या मामूंनी बसच्या टपावरून आणलेली पावांची टोपली, वरच्या आळीतून डबाभर शिरा. सगळं गव्हाचं. फुफीच्या गमीत भाकरी कशी पाठवायची, अशी प्रत्येकाला लाज वाटली असणार. दुःखातसुद्धा मान गव्हाचाच.

आणि त्या ताटांच्या मधोमध आपली नूरी केळं खात बसली होती. एक संपलं की दुसरं सोलायची. सोलापूरच्या कुणा पाहुण्या बाईनं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "पोरीला दुःखानं घास उतरत नाही." नूरीनं तोंडातलं केळं गिळलं आणि सांगितलं, "उतरतोय. पण यातलं मला काहीच चालत नाही. माझं करणारी गेली."

मला त्या क्षणी सगळ्या ताटांचा राग आला. तुम्ही असता तर हसला असता. "क्या रे लीडर, आता गव्हाच्या विरोधात पर्चा काढतोस काय?" असं म्हणाला असता. काढला असता, फुफी. मथळासुद्धा सुचला होता. पण त्या दिवशी प्रश्न मथळ्याचा नव्हता. तुमच्या डब्यातलं पीठ संपलं होतं, आणि ते दळून आणायला घरातून फक्त तुम्हीच जात होता.

मी पर्च्यांवर वाढलो. निजामाच्या काळात अब्बा सरकीच्या पोत्यांतून बंदी घातलेले पर्चे आणायचे, आणि अलिफ-बे मदरशात शिकलो असलो तरी अ-आ-ई मला त्या कागदांवरून आली. "जुलूम" हा शब्द मला "आंबा"च्या आधी वाचता आला. तुम्ही हैदराबादहून आलात तेव्हा मी सोळा-सतरा वर्षांचा होतो आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर माझं मत तयार होतं. फुफा वारले होते, सासरची बेकरी दिरांनी घेतली होती. तुम्ही सोबत फक्त एक जाड बुडाची देगची आणि तिचं सपाट झाकण आणलं. घरात आपण सगळे दखनी बोलायचो. पण माझ्याशी भांडायचं असलं की तुम्ही मुद्दाम मराठीत यायचात. "तुझे पर्चे मराठीत. मग भांडण पण मराठीतच कर. मला पण शिकायला मिळेल." आणि शिकलात. शेवटी शेवटी तर माझ्यापेक्षा टोचून बोलायला लागलात.

नूरी तेव्हा लहान होती. माझी बहीण म्हणून नाही, कुणाचीही पोर तशी दिसली असती तर मला बघवलं नसतं. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या. प्रत्येक ईदनंतर आडवी पडायची. अम्मी ताईत बांधायची, अब्बा पुड्या आणायचे. धाराशिवच्या डॉक्टरांनी तिला एकदा नीट तपासलं आणि म्हणाले, काही मुलांना गहू सोसत नाही, बंद करून बघा. अम्मीला ते डॉक्टर वेडेच वाटले. गहू सोसत नाही? श्रीमंतांना काय मग ज्वारी सोसते? पण तुम्ही बंद केलात. भाकरी आपल्याकडे रोजचीच होती, ज्वारी घरच्या जात्यावर दळलेली. दोन महिन्यांत पोरीच्या गालावर रंग आला.

मग ईद आली. सगळ्या घरात शीरखुर्मा, आणि शीरखुर्म्यात शेवया, आणि शेवया गव्हाच्या. नूरी आपली वाटी घेऊन देगचीपाशी उभी राहिली. अम्मीनं तिच्या वाटीत नुसतं दूध आणि खजूर घातले. नूरीनं वाटीत बघितलं, मग आमच्या वाट्यांत बघितलं. रडली नाही. विचारलं, "मला ईद अर्धीच आहे का?"

दुसऱ्याच दिवशी तुम्ही कुंभारवाड्यातून मातीच्या छोट्या वाट्या घेऊन आलात.

त्या वाट्यांत भाजलेल्या पहिल्या खेपेच्या कटोऱ्या मला आठवतात. बेकरीत तुम्ही मैद्याचे केक केले होते, पण ज्वारीला चिकटा नाही, ती फुटते, फसकते. तुम्ही पीठ कढत दुधात भिजवून झाकून ठेवलंत. काळी पडलेली, कुणी घेत नाही अशी केळी हातानं कुसकरलीत. अंडी, गूळ, थोडं तूप, आंबट दही आणि चिमूटभर खायचा सोडा. देगचीत वाळूचा थर, त्यावर वाट्या, झाकणावर निखारे, खाली निखारे. झाकण उघडलं तर कटोऱ्या मधोमध खड्डा पडून बसलेल्या. "रुसल्या," तुम्ही म्हणालात. पुढच्या खेपेला केळं वाढवलंत, दही कमी केलंत. त्याच्या पुढच्या खेपेला त्या फुगल्या आणि वरून चिरल्या, आणि चिरेतून गुळाचा वास घरभर गेला.

वाट्यांना पीठ चिकटू नये म्हणून आत कागद लावायला हवा होता, आणि आपल्या घरात कागद कुठला, तर माझे वाटून उरलेले पर्चे. मी केवढा चिडलो होतो! तुम्ही शांतपणे कोरी बाजू आत, छापील बाजू बाहेर अशी घडी घालत होता. म्हणालात, "वाटताना लोक घेत नाहीत. असे घेतील." नूरी कटोरीचा कागद सोलताना अक्षरं जुळवायला लागली. पहिला शब्द तिनं वाचला तो "अन्याय". मग गोड तोंडानं विचारलं, "अन्याय म्हणजे काय?" अब्बा म्हणाले, "तुझ्या भावाला विचार, त्याच्याकडे पोत्यानं आहे."

पण मला तुमचं खरं मोठेपण वाटतं ते पुढं. अम्मी म्हणाली होती, "नूरीपुरत्या चारच कर, ज्वारीचा केक बाकी कोण खाणार?" तुम्ही पुढच्या ईदच्या दस्तरखानावर भरलं ताट मधोमध ठेवलंत. अब्बांना, मामूंना, आल्या-गेल्याला आधी कटोरी, मग शीरखुर्मा. "एकटीसाठी केलं तर ते औषध होतं," तुम्ही अम्मीला सांगितलंत. "सगळ्यांसाठी केलं की सण." अब्बांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि म्हणाले, "आपा, तुम्ही तर भाकरीला सुटाबुटात आणलं." त्या ईदला नूरीनं कुणाच्याच वाटीत बघितलं नाही.

मी पुढं धाराशिवला एका सभेत धान्याच्या मानावर बोललो होतो. राबणाऱ्याला भाकरी आणि पाहुण्याला पोळी हा भेद ताटातून सुरू होतो, असं. टाळ्या पडल्या त्या एकाच वाक्याला: ज्या घासात घरातलं एक माणूस बसत नाही, तो सणाचा घास नाही. ते वाक्य तुमचं होतं, फुफी. तुम्ही ते चुलीपाशी, भांडं घासता घासता बोलला होता. मी परत आल्यावर तुम्हाला सांगणार होतो. तेव्हा तुम्ही अम्मीशी भांडत होता, आणि मग राहूनच गेलं.

भांडणाचं कारण असं की नूरी पुन्हा आडवी पडायला लागली होती. आणि नेमकी कटोऱ्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. गव्हाचा कण घरात तिच्या तोंडात जात नव्हता. अम्मीनं केळ्याला धरलं. "केळं ठंडा. वर अंडं गरम. पोटात दोघांची लढाई लागते." तुम्ही केळं बदलून पाहिलंत, अंडं काढून पाहिलंत. पोट फुगायचंच. तुम्ही घरात कुणासमोर रडला नाहीत, पण एकदा मी बसस्टँडवर निघालो तेव्हा दारापर्यंत आलात आणि मला म्हणालात, "तू एवढं वाचतोस. सांग ना. माझ्या हातानं पोरीला विष जातंय का?" कुठल्याच पर्च्यात हे लिहिलेलं नव्हतं.

उत्तर गिरणीत निघालं.

पोलिस ॲक्शननंतर काही वर्षं आपल्याकडच्या बायका गिरणीत दळण पाठवून द्यायच्या, स्वतः जायच्या नाहीत. का, ते तेरमध्ये कुणी कुणाला सांगत नाही. सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही हैदराबादहून आलात आणि डोक्यावर डबा घेऊन सरळ गेलात. भाकरीचं पीठ जात्यावर होत होतं, पण कटोरीला मैद्यासारखं बारीक लागायचं. गिरणीवाले अप्पा तुमच्यावर खूश होते. हैदराबाद पाहिलेली, बेकरी चालवलेली बाई त्यांच्या गिरणीत येते, याचं त्यांना भारी कौतुक. एरवी तुम्ही डबा ठेवून घरी यायचात. त्या दिवशी ऊन फार म्हणून तिथंच पोत्यावर टेकलात, आणि तुमच्यापुढं मास्तरांच्या घरच्या गोदाकाकू होत्या. हे सगळं तुम्ही मला नंतर इतक्या वेळा सांगितलंत की मला मी तिथं होतोसं वाटतं.

अप्पांनी तुमचा डबा बाजूला ठेवला. इंजिनाच्या आवाजावर ओरडून ते काकूंना म्हणाले, "काकू, तुमचं गव्हाचं होऊ द्या. फुफीची ज्वारी त्याच्यावर टाकतो."

तुम्ही विचारलंत, "गव्हावर? का?"

"आता का म्हंजी! ज्वारीवर टाकलं की पीठ मळकं येतंय. गव्हावर टाकलं की कसं पांढरंशिप्पट. तुमचं दळण म्या कवाच ज्वारीवर टाकलं न्हाय. एवढा मान राखू नये व्हय?"

दगडांच्या फटींत, कापडी नळीत अडकलेला काकूंचा गहू तुमच्या पिठात उतरायचा. ओंजळभर असेल. अप्पा प्रेमानं ती ओंजळ तुम्हाला देत होते, आणि तुम्ही प्रेमानं ती नूरीला चारत होता. मी असतो तर तिथंच आकांडतांडव केलं असतं. तुम्ही उठलात, डबा उचललात आणि म्हणालात, "अप्पा, आजपासून माझा मान राखू नका."

कारण कळल्यावर अप्पा बराच वेळ कपाळाला हात लावून बसले म्हणे. इंजिन तसंच चालू, आत काहीच नाही.

मी म्हटलं, सोपं आहे, घरच्या जात्यावरच बारीक दळू, वस्त्रगाळ करू. तुम्ही करून बघितलंतही. अम्मीचे हात दुखायला लागले आणि कटोरी दाताखाली करकरली. पण तुम्ही सोडलंत ते त्यासाठी नाही. तुम्ही मला म्हणालात, "आज घरात कोंडून खाऊ घालशील. ती मोठी होईल. दुसऱ्या घरी जाईल, दुसऱ्या गावी जाईल. तिथं जातं असेल, नसेल. पोरीला किती लपवशील? गिरणीला शिकवायला पाहिजे." मला वाटतं, फुफी, मी जन्मभर जे लिहायला बघतो ते तुम्ही त्या एका वाक्यात बोलून मोकळ्या झालात.

गिरणीला शिकवायचं कसं, हेही तुम्हीच शोधलंत. एकादशीच्या आदल्या दिवशी अप्पा वरचा दगड उचलतात, कुंच्यानं झाडतात, कापडी नळी झटकून उलटी करतात. मग उपासाची दळणं: भगर, राजगिरा, शिंगाडा. सगळं झालं की पुन्हा गहू. तुम्ही ज्वारीचा डबा घेऊन त्या रांगेत उभ्या राहिलात. रांगेत कुजबुज झाली. एकजण म्हणाली, "उपासाच्या दळणात ज्वारी? अन् ती बी..." आणि गप्प बसली. पुढचं तुम्हाला न सांगता कळलं, मलाही कळलं. तुम्ही म्हणालात, "मी शेवटी उभी राहते. तुमचं सगळ्यांचं झालं की माझं. माझ्या नातीसारख्या पोरीला गव्हाचा विटाळ चालत नाही."

हसल्या म्हणे त्या बायका. मग गोदाकाकूंनीच निकाल दिला: "अगं, शेवटी उभी राहणारीचा विटाळ पुढचीला लागंल कसा? उभ्या रहा हो फुफी. माझा डबा धरा जरा, मी कुंकू सारखं करून घेते, घामानं उतरलंय."

नूरी परत आडवी पडली नाही.

आणि आपलं भांडण सुरू झालं. "विटाळ" हा शब्द तुम्ही घरी घेऊन आलात. गव्हाचा विटाळ, पळीचा विटाळ, परातीचा विटाळ. अम्मी म्हणायला लागली, नूरीसुद्धा म्हणायला लागली. मी ज्या दिवशी तिच्या तोंडून ऐकलं त्या दिवशी ताटावरून उठलो. मी तुम्हाला म्हणालो की याच शब्दानं या गावात माणसांना विहिरीवरून हाकललंय. माझ्याबरोबर शाळेत बसणाऱ्या पोराला मास्तर वरून पाणी ओतायचे ते याच शब्दापायी. ज्यांच्या अंगावर हा शब्द फेकला गेला त्यांना जाऊन विचारा, मग वापरा. आपल्या घरात तो नको.

तुम्ही ऐकून घेतलंत. तुमची सवयच ती, आधी सगळं ऐकायचं. मग म्हणालात, "शब्द वाईट आहे. खरंय तुझं. पण कामाचा आहे. मी 'विटाळ' म्हटलं की गिरणीतल्या बाईला एका क्षणात कळतं, भांडं वेगळं, दगड झाडलेला, हात धुतलेला. तुझा अर्धा तास वाचतो. तो नको असेल तर दुसरा दे. लिहिणारा तू आहेस."

मी दिला. मी स्वतः गिरणीत गेलो आणि अप्पांना सांगितलं, "भेसळ नको." अप्पांनी इंजिन बंद केलं. साऱ्या रांगेसमोर म्हणाले, "माझ्या गिरणीत भेसळ? तीस वरसं दळतोय म्या. बोलव पंच!" तुम्हाला पदर सावरत पळत यावं लागलं माझी सुटका करायला. मग मी "शुद्ध दळण" म्हणून बघितलं, आणि माझ्याच जिभेला तो शब्द विटाळाहून वाईट लागला. मग एका रात्री कोश चाळून मी घडवला: निर्गोधूम, म्हणजे गहू नसलेलं. तुम्हाला म्हणून दाखवला. तुम्ही नूरीच्या कपाळाला हात लावलात आणि म्हणालात, "या अल्लाह, हे कधी झालं पोरीला? औषध आहे का याच्यावर?" अब्बा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

हसण्यावर नेलंत तरी तुम्ही विषय सोडला नाहीत. दर खेपेला मी धाराशिवहून सभा करून आलो की ओट्यावर बसून विचारायचात, "मिळाला का शब्द?" शेवटच्या तापातही विचारलंत. मी म्हणालो, "नाही मिळाला. पण तुमचा पण चालणार नाही." तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, "बरं. मग भांडण राहू दे. उद्या."

तो उद्या आला नाही. आता हे भांडण मी कुणाशी करू? घरात सगळे मला "बरोबर आहेस" म्हणून मोकळे होतात. बरोबर आहेस म्हणणाऱ्यांनी माझं काही सुधारत नाही, फुफी. चूक काय ते न सांगता नुसतं "दुसरा दे" म्हणणारं माणूस मला पुन्हा कुठं मिळणार?

एकादशीचा आदला दिवस आला. अम्मीनं ज्वारी निवडून डबा माझ्यापुढं ठेवला. नूरी शाळेत गेली होती. मी गिरणीकडे निघालो तेव्हा मला कशाची भीती वाटत होती, ते सांगतो. ती जागा तुमची होती. रांगेतल्या बायकांनी ती तुम्हाला दिली होती, तुमच्या बोलण्यावर, तुमच्या हसण्यावर. तुम्ही गेलात तर जागाही गेली असेल. हक्क लिहून घ्यावा लागतो, असं मी सभांतून सांगत फिरतो. इथं तर काहीच लिहिलेलं नव्हतं. मी वाटेत भाषण तयार केलं. गोदाकाकू नाही म्हणाल्या तर काय, अप्पांनी गव्हाचं पोतं पुढं आणलं तर काय.

गोदाकाकू रांगेत होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी मान वळवली आणि पदर डोळ्यांना लावला. भगर झाली, राजगिरा झाला. मी शेवटी जाऊन उभा राहिलो, तर शेवट माझा नव्हता. माझ्यापुढं खांद्यावर गाठोडं घेतलेली एक शेतावरची बाई उभी होती. तिच्या गाठोड्यात ज्वारी होती. मी भाषण सुरू करणार, तेवढ्यात इंजिनावर आवाज चढवून अप्पांनी हाक मारली,

"चला, आता नूरीचं दळण! कुणाकुणाचं हाय?"

"माझं हाय," ती बाई म्हणाली. मग माझ्या डब्याकडे बघून, "ह्येंचं बी नूरीचंच दिसतंय."

अप्पांनी तिचं गाठोडं ओतलं, मग माझा डबा ओतला. दगड न झाडता, कारण ज्वारीवर ज्वारी. मी विचारलं, "अप्पा, नूरीचं दळण म्हणजे?" अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की हा शिकलेला असून याला एवढं कळत नाही. "म्हंजी गव्हाचं काय लागू द्यायचं न्हाय असलं दळण. आता तिकडच्या वस्तीवरनं बी येत्यात दोघी-तिघी. फुफीनंच सांगितलं हुतं त्येंला."

तुम्ही मला सांगितलं नव्हतंत. की तुम्हालाही हा शब्द माहीत नव्हता? तुम्ही रांगेत "माझ्या नूरीचं आहे" म्हणत राहिलात आणि त्यांनी तेवढंच उचललं? मला माहीत नाही, आणि आता विचारताही येणार नाही. पण भांडणात तुमच्या बाजूनं मी एवढं लिहून देतो की शब्द असा येतो. आणि माझ्या बाजूनं एवढं, की त्या सबंध दुपारी गिरणीत कुणाच्याही तोंडून विटाळ निघाला नाही. लागलाच नाही तो कुणाला.

त्या बाईचं नाव इठाबाई. तिच्या सासूला लग्नाकार्यातली पोळी बाधायची. म्हातारी सणाचं जेवून आली की आठ-आठ दिवस पडून असायची, आणि घरचे म्हणायचे, हावरटपणा केला. तुम्ही तिला गिरणीत गाठून काय काय विचारलं होतं, ते तिनं मला सांगितलं. मग घुटमळत म्हणाली, "फुफींनी एकदा वाटीतलं गोड दिलं हुतं. म्हातारी लई आठवण काढती. पर त्येचं करायचं कसं, ते इचारायचं ऱ्हायलं."

मी म्हटलं, "घरी चला. सासूबाईंना पण घेऊन या."

आणि त्या संध्याकाळी आपल्या अंगणात तुमची देगची चढली, फुफी. अम्मीनं दूध तापवलं. मला केळी कुसकरायला बसवलं. नूरी सगळ्यांवर हुकूम सोडत होती. "दही एवढं नको, रुसतील." "निखारे वर जास्त, खाली कमी." "भाईजान, कोरी बाजू आत!" पहिल्या चार कटोऱ्या एका अंगाला झुकल्या, माझाच हात. बाकीच्या फुगल्या. अब्बांनी खाटेवरून वासानंच ओळखलं आणि उठून आले. अम्मीनं सगळ्यांना एकेक दिली, स्वतः पण घेतली, आणि गमीनंतर घरात पहिल्यांदा कुणीतरी जरा मोठ्यानं बोललं.

इठाबाईची सासू भिंतीला टेकून बसली होती. तोंडात दात नाही. कटोरी तिनं हिरड्यांनी सावकाश विरघळवली, बोटं चाटली आणि विचारलं,

"ही नूरी कुठं पिकती म्हनायची? आमच्या रानात ईल का?"

कुणाला काही कळेना.

"अगं, ज्वारीच न्हवं का ती? मालदांडी असती, तशी नूरी," म्हातारी म्हणाली. "गिरणीवाला वरडतूया की, नूरीचं दळण, नूरीचं दळण. म्या म्हनलं, बी मिळालं तर पेरावं."

अम्मी पदरात तोंड खुपसून हसायला लागली. तुम्ही गेल्यापासून ती हसली नव्हती. नूरी मात्र हसली नाही. पिठाचे हात तसेच ठेवून ती म्हातारीपुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी नूरी आहे."

म्हातारीनं तिला जवळ ओढलं. गालावरून हात फिरवला, दंड दाबून बघितले, शेतात कणीस दाबून बघतात तसे.

"आस्सं व्हय," ती म्हणाली. "चांगलं भरलंय की मग पीक."